पार्श्वभूमी : टस्कनीतली घरगुती द्राक्षबाग आणि 'आग्रितुरिस्मो' (शेतावरचा पाहुणचार) नावाचा गुंता

इटलीच्या टस्कनी प्रदेशातल्या एखाद्या घरगुती वाइनरीत पाहुणा पोचतो तेव्हा त्याला दगडी घर, सायप्रसची रांग आणि भिंतीवर आजोबा-पणजोबांचे फोटो दिसतात. शेकडो वर्षं हे असंच चालत आलंय, असं वाटून जातं. घर खरंच जुनं असतं. पण त्याच घरात राहून, स्वतःच्या मालकीच्या वेलींवरची द्राक्षं गाळून, स्वतःच्या लेबलाने वाइन विकणारं शेतकरी कुटुंब ही तिथे बरीचशी गेल्या साठेक वर्षांतली गोष्ट आहे.

इटलीत इतरत्र याहून जुन्या प्रथा आहेत. ईशान्येकडच्या त्रिएस्ते शहरामागच्या कार्स्ट पठारावर १७८४ च्या ऑस्ट्रियन शाही फर्मानाने शेतकऱ्याला आपली वाइन वर्षातले आठ दिवस घरीच विकायची मुभा मिळाली. स्लोव्हेन भाषेतल्या 'आठ'वरून त्या घरांना 'ओस्मित्सा' म्हणतात. रस्त्याकडेला हिरवी फांदी टांगलेली दिसली की घर उघडं आहे असं आजही समजायचं.

टस्कनीत मात्र शेती अर्धेलीची होती. 'मेद्झाद्रिया' म्हणजे जमीन आणि घर मालकाचं, राबणं कुटुंबाचं, पीक अर्धं-अर्धं. वेलीही वेगळ्या बागेत नव्हत्या. धान्याच्या पट्ट्यांमधल्या मेपलच्या झाडांवर चढवलेल्या असत. आज फोटोत येणाऱ्या सरळ रांगा बहुतांशी १९६० नंतरच्या. १९६४ च्या कायद्याने नव्या अर्धेली करारांवर बंदी आली आणि चालू करारांत कसणाऱ्याचा वाटा ५८ टक्क्यांवर गेला. उरलेसुरले करार १९८२ च्या कायद्याने खंडाकडे वळवले. आपल्याकडच्या कूळकायद्याची आठवण येते, पण फरक मोठा आहे : तिथे कसणारा आपोआप मालक झाला नाही. काहींनी दीर्घ मुदतीचं स्वस्त कर्ज काढून जमीन घेतली. पुष्कळ जण तोवर कारखान्यांकडे निघूनही गेले होते. मागे राहिली ती रिकामी घरं. शहरातल्या आणि परदेशी गिऱ्हाइकांनी ती उचलायला सुरुवात केली.

या रिकाम्या घरांचं करायचं काय, यातून १९८५ चा कायदा आला आणि सगळा गुंता त्याच्यातल्या एका शब्दात आहे. 'आग्रितुरिस्मो'चं आपण 'कृषी पर्यटन' असं भाषांतर करून मोकळे होतो. इटालियनमध्ये तो शब्द व्यवसायालाही लागतो आणि त्या जागेलाही. लोक 'आग्रितुरिस्मोत उतरलो' असं म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र ते हॉटेल नव्हेच. ती शेतीला जोडलेली पाहुणचाराची कामं आहेत. पाटीवर हा शब्द लावायचा हक्क फक्त अशा शेतकऱ्यालाच. अट एकच : शेती मुख्य राहिली पाहिजे. मुख्य म्हणजे काय, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. उत्पन्नावर मोजलं तर लहान शेतकरी पहिल्याच उन्हाळ्यात बाद, कारण चार खोल्यांचं भाडं दोन हेक्टरच्या द्राक्षांना सहज मागे टाकतं. २००६ च्या नव्या कायद्याने कामाच्या वेळेवर भर दिला आणि पाहुणे दहापर्यंत असतील तर शेती मुख्य आहे असं धरूनच चालायचं ठरवलं. तास मोजायचे तक्ते प्रादेशिक सरकारांकडे गेले. वेलीची छाटणी, बांधणी, तोडणी हाताने करायची तर हेक्टरमागे गव्हापेक्षा कितीतरी जास्त तास भरतात. त्यामुळे द्राक्षवाल्याला पाहुण्यांसाठी जागाही जास्त मिळते. हॉटेलवाल्यांना ही पळवाट वाटते. मला तरी ती लहान शेतकऱ्याच्या बाजूने झुकलेली समंजस तडजोड वाटते. स्विमिंग पूलभोवती नावापुरती चार ऑलिव्हची झाडं लावणारे तिचा फायदा घेतात, हेही खरं.

'घरगुती' या शब्दालाही तिथे कायद्याची चौकट आहे. १९७५ च्या कुटुंब कायद्यातल्या सुधारणेने घरच्या धंद्यात राबणारा जोडीदार, तिसऱ्या पायरीपर्यंतचे नातेवाईक आणि दुसऱ्या पायरीपर्यंतची लग्नामुळे जोडलेली माणसं यांना नफ्यात वाटा दिला, आणि बाईचं काम पुरुषाच्या कामाइतकंच धरावं, असं स्पष्ट लिहिलं. आग्रितुरिस्मोच्या कायद्यात 'घरची माणसं' म्हणजे कोण, हे त्याच कलमाकडे बोट दाखवून सांगितलं आहे. टेबलावर ग्लास मांडणारी सून 'मदत' करत नसते, ती हिशोबात धरलेली असते.

१९८६ च्या वसंतात स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल हा विषारी अल्कोहोल मिसळल्याचं उघड झालं. वीसहून अधिक माणसं दगावली, निर्यात कोसळली. प्रामाणिक उत्पादकाला आपलं तळघर उघडून दाखवणं भाग पडलं, असा माझा तरी अर्थ. १९९३ पासून मे महिन्यात देशभरातल्या वाइनरींची दारं लोकांसाठी उघडण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि १९९९ च्या कायद्याने पर्यटकांसाठी 'वाइनच्या वाटा' आखायला आधार दिला.

नुसतं वाइन चाखायला येणाऱ्या पाहुण्याला स्वतंत्र कायदेशीर नाव मिळायला मात्र २०१८ चं अंदाजपत्रक उजाडलं. मार्च २०१९ च्या नियमावलीत आठवड्यात, निदान हंगामात, किमान तीन दिवस दार उघडं हवं, वाइन काचेच्या किंवा चव न बिघडवणाऱ्या ग्लासातच द्यावी, असे तपशील आहेत. सोबतचं खाणं थंडच. उपाहारगृहाचं रूप येता कामा नये, म्हणून. म्हणूनच आग्रितुरिस्मोचा परवाना नसलेल्या बागेत पाहुण्यापुढे चीज, सलामी (सुकवलेल्या मांसाचे काप) आणि पाव येतो. आतल्या स्वयंपाकघरात शिजणाऱ्या पास्त्याचा फक्त वास.