मूकपटातला विनोदवीर ‘चरित्र अभिनेता’ झाला म्हणजे नेमकं काय झालं?

हॉलिवूडच्या मूकपटांतल्या दुसऱ्या फळीतल्या विनोदवीरांवर कुठेही काही वाचा, एक वाक्य हमखास भेटतं: बोलपट आले आणि ते चरित्र भूमिकांकडे वळले. मोठ्या तीन-चार नावांची गोष्ट वेगळी आणि ती सर्वांना ठाऊक आहे. इथे प्रश्न त्यांच्या मागे, बाजूला, अंगावर पाय देऊन पडणाऱ्यांचा आहे. त्यांच्या बाबतीत ‘वळले’ हे क्रियापद फसवं आहे, आणि ‘चरित्र भूमिका’ हा शब्द त्याहून.

मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा, म्हणून चरित्रपट. चारित्र्य म्हणजे शील. नाटकात असतं ते पात्र. ‘कॅरेक्टर’चं भाषांतर करताना तिन्हींची सरमिसळ झाली आणि हिंदी सिनेमाच्या वळणाने ‘चरित्र अभिनेता’ रुळला: नायकाचा बाप, वकील, डॉक्टर, शेवटी येणारा पोलीस. पण मूळ इंग्रजी शब्दाचाही घोटाळा कमी नाही, आणि तो समजल्याशिवाय या मंडळींचं करिअर नीट वाचताच येत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या नाटक कंपन्यांत नटाची नेमणूक ‘लाइन’प्रमाणे व्हायची. नायकाची लाइन, तरुण प्रेमिकाची, खलपुरुषाची, म्हाताऱ्याची, हलक्याफुलक्या विनोदाची. कॅरेक्टर म्हणजे ज्या भूमिकेत नटाचं स्वतःचं रूप आणि बोली लपते, रंगभूषेने तो दुसराच कुणी होतो, ती भूमिका. या अर्थाने पाहिलं तर खोटी मिशी, पोटावर उशी आणि दोन नंबर मोठे बूट घालून लॉस एंजेलिसच्या एडेंडेल भागात पळापळ करणारा प्रत्येक विनोदवीर पहिल्या दिवसापासून कॅरेक्टर नटच होता. बोलपटांच्या पहिल्या दशकात अर्थ उलटा फिरला. आता कॅरेक्टर नट म्हणजे दर चित्रपटात तोच चेहरा, तोच कपाळावरचा हात, तीच कुरकुर घेऊन येणारा माणूस. प्रेक्षकाला नाव आठवत नाही, पण ‘हा तोच’ हे कळतं. जुन्या अर्थी जो दरवेळी बदलतो तो, नव्या अर्थी जो कधीच बदलत नाही तो. हॉलिवूडमध्ये १९३७ पासून भूमिका वाटणाऱ्यांसाठी नटांची छापील निर्देशिका निघू लागली. तिच्यात नायकांचा विभाग वेगळा, आणि कॅरेक्टर नट व विनोदी नट यांचा मात्र एकच. म्हणजे ज्या धंद्यात हे ‘वळणं’ घडलं असं आपण म्हणतो, त्याच्या लेखी दोन्ही एकाच कप्प्यातली माणसं होती. सहायक अभिनयाचं ऑस्करही १९३६ च्या चित्रपटांपासूनचं, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यासाठी बाहुली नव्हे, फलक मिळत असे. दर्जा कसा ठरला हे यावरून कळावं.

मिशीचं प्रकरण वाटतं तितकं किरकोळ नाही. ती क्रेपची, म्हणजे लोकरीच्या नकली केसांची असायची. क्रेप वेणीसारखा घट्ट गुंफलेला येतो. तो उलगडायचा, ओलसर करून ताणून वाळवायचा, विंचरायचा, मग तिरकस कापून बारीक झुपके करायचे. कातडीवर स्पिरिट गमचा, म्हणजे रंगभूषेच्या डिंकाचा पातळ हात द्यायचा, बोटाने टिपत राहायचं, आणि तो चिकट झाला की मगच केस लावायचे. आधी ओठाजवळचा थर, नंतर त्याच्या वर, शेवटी ओल्या फडक्याने दाबायचं. गम जास्त झाला तर कडेला चकाकतो, घाम आला की कोपरा सुटतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ काळा आणि निळा पांढुरका दिसायचा. भडक पांढरट चेहरा आणि काळी मिशी तिथे खपून जायची. १९२६-२७ च्या सुमारास सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास झाली. पाठोपाठ, आवाज करणाऱ्या कार्बन आर्क दिव्यांची जागा तापदीपांनी घेतली, १९२८ च्या सुरुवातीला त्यांच्या रीतसर चाचण्याही झाल्या. आता कातडीचा खरा पोत दिसू लागला आणि क्रेप हा क्रेपच दिसू लागला. ज्याची ओळखच वॉलरससारखी मिशी होती त्याच्यापुढे दोन वाटा उरल्या: खरी वाढवायची किंवा ओळख सोडायची. एका स्कॉटिश विनोदवीराने तिशीतच पिकल्या केसांचा म्हातारा उभा केला होता. वय वाढत गेलं तशी त्याची रंगभूषा कमी कमी होत गेली. पुढे तो टीव्हीवरही म्हातारेच करत होता, फक्त ते आता खरे होते.

खरा घाव मात्र कॅमेऱ्याच्या हँडलवर बसला. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात एका फेऱ्यात ८ चौकटी जात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६. पाठलाग असेल तर कॅमेरामन दीड फेऱ्यावर, म्हणजे १२ वर येई, आणि पडद्यावर माणसं एक तृतीयांश अधिक वेगाने पळत. यात प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी राहते, म्हणून भिंगाचं तोंड थोडं आवळावं लागतं, नाहीतर चित्र उतू जातं. नटालाही हिशेब ठेवावा लागे. धावणं वेगाने चालेल, पण खिशातून पत्र काढणं मुद्दाम सावकाश करायचं, नाहीतर प्रेक्षकाला दिसतच नाही. पडण्याआधी अर्धा क्षण थांबायचं. ही लय वर्षानुवर्षं अंगात मुरलेली होती. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला आली आणि वेग २४ चौकटींवर कायमचा बांधला गेला, कारण तो बदलला की आवाज चिरकतो. कॅमेरा आवाज करतो म्हणून काही काळ तो बंद खोक्यात गेला, जागचा हलेना. मूकपटात १६ च्या वेगाने पावणेसतरा मिनिटं चालणारं १००० फुटांचं रीळ आता ११ मिनिटांत संपू लागलं. हशा कुठे येणार आणि पुढचं वाक्य त्यात बुडेल का, ही नवी डोकेदुखी. थांबावं तर अर्ध्या रिकाम्या थिएटरात ती शांतता मयतासारखी वाटते.

म्हणून ‘आवाज वाईट होता’ हे स्पष्टीकरण फारसं टिकत नाही. यातले बहुतेक वॉडेव्हिल, म्युझिक हॉल (दोन्ही गाणी-नकलांचे रंगमंचीय खेळ) नाहीतर सर्कशीतून आलेले, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवून पोट भरलेले. ऑस्ट्रेलियन किंवा स्कॉटिश उच्चार तर फायद्याचेच ठरले: ब्रिटिश हवालदार, बटलर, सार्जंट लागायचेच. आवाजाअभावी खरंच थांबलेला ठळक माणूस एकच, रेशमी टोपीतला एक देखणा विनोदवीर, ज्याच्या घशातून कुजबुजीपलीकडे आवाज निघत नसे. १९३० च्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये खड्ड्यात मरणारा फ्रेंच सैनिक त्याने केला, एकही शब्द न बोलता. नंतर तो कॅमेऱ्यामागे गेला आणि निर्माता म्हणून चांगला स्थिरावला.

कोण तरलं हे पाहिलं की हँडलचाच मुद्दा पुन्हा पुढे येतो. ज्यांचा विनोद प्रतिक्रियेत होता ते सहज पुढे गेले. जुन्या विनोदी पोलिसांच्या फौजेतला एक टकला माजी मुष्टियोद्धा घ्या: राग आला की तो काही करत नसे. तळहात डोक्यावर ठेवायचा आणि सावकाश कपाळ, डोळे, नाक, तोंडावरून खाली ओढायचा. याला २४ चौकटी काय आणि १६ काय. १९३१ पासून १९४८ मध्ये मरेपर्यंत त्याची स्वतःची दोन रिळी लघुविनोदपटांची मालिका चालली, आणि मधल्या काळात १९३३ च्या ‘डक सूप’मधला लिंबूसरबतवालाही त्याचाच. उलट ज्यांचा विनोद वेगात आणि कोलांट्यांत होता ते वेस्टर्नमध्ये, म्हणजे काउबॉयपटांत गेले. हे वरवर विचित्र वाटतं. पण स्वस्त वेस्टर्नमधले घोड्यांचे पाठलाग आवाजाविना आणि कमी चौकटींवरच चित्रित होत, आवाज नंतर चढे. १९२१ च्या कुप्रसिद्ध प्रकरणात बुडालेल्या लठ्ठ विनोदवीराचा (‘फॅटी’ आर्बकलचा) सायकलपटू भाचा तिथेच दाढी वाढवून ‘फझी’ नावाचं पात्र झाला, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत नायकाच्या बाजूला घोड्यावरून पडत राहिला.

बाजाराने मात्र कुणाचीच गय केली नाही. एडेंडेलच्या आद्य विनोदी कंपनीने १९२८ मध्ये सॅन फर्नांडो खोऱ्यात नवा स्टुडिओ थाटला आणि १९३३ मध्ये दिवाळं काढलं. एका तिकिटात दोन चित्रपट देण्याची पद्धत पडली तेव्हा दोन रिळांना वेळच उरेना. कल्व्हर सिटीतल्या प्रतिस्पर्ध्याने १९३८ मध्ये लघुविनोदपटांचं काम थांबवलं. एका मोठ्या स्टुडिओचा विभाग तेवढा १९५० च्या दशकाअखेरपर्यंत तगला, तोही काटकसरीने. जुन्या चित्रपटातलं धावपळीचं चित्रीकरण तसंच उचलायचं, सुरुवात-शेवट नवा घ्यायचा. त्यासाठी नटाला दहा वर्षांपूर्वीचाच कोट, तीच टोपी घालून उभं करायचं. पोट सुटलेलं असे, आणि जोड लगेच दिसे.

उरलेल्यांसाठी रोजंदारी होती. नटांच्या संघटनेने १९३७ मध्ये स्टुडिओंशी करार केला, त्यात रोजाचा किमान दर ठरला: नटाला २५ डॉलर, एक्स्ट्राला साडेपाच. ढोबळमानाने, तोंडी वाक्य असेल तर नट, नसेल तर एक्स्ट्रा. ज्यांनी वीस वर्षं तोंड न उघडता लोकांना हसवलं त्यांच्यासाठी या रेघेइतकी वाईट रेघ दुसरी नसावी. संघटनेचं बळ वाढलं हे खरं, पण नि:शब्द कामाची किंमत कागदावर उतरली ती अशी.

१९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’चा विषयच मूकपटाकडून बोलपटाकडे जाण्याचा. पावसातलं गाणं संपतं, पोलीस रोखून बघतो, नायक चालू लागतो आणि समोरून भिजत येणाऱ्या एका वाटसरूच्या हातात छत्री देऊन निघून जातो. तो वाटसरू मेलबर्नहून आलेला जुना विनोदवीर, एके काळी उलट्या लोंबत्या मिशीसाठी प्रसिद्ध. संवाद नाही, श्रेयनामावलीत नाव नाही. १९६० च्या संपानंतरच्या तडजोडीत नटांच्या संघटनेने निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधी पदरात पाडून घेतला, आणि त्याआधीच्या चित्रपटांच्या टीव्ही प्रक्षेपणावरचा हक्क सोडून दिला. छत्री घेणारा तो विनोदवीर १९६२ मध्ये वारला.