राजाचा व्यापार आणि राजाच्या सनदेचा व्यापार

मराठेशाहीच्या राजनीतीवरच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) या सगळ्यांना टोपीकर म्हणून एकाच रांगेत बसवलं आणि बजावलं, की हे साधे सावकार नव्हेत, यांचे धनी राज्य करतात. इशारा रास्तच होता. पण फिरंग्यांचा धनी आणि इंग्रजांचा धनी यांत बराच फरक होता, आणि 'युरोपच्या राजांनी जहाजं पाठवली' या शालेय वाक्यात तो पार पुसला जातो.

पोर्तुगालचा राजा खरोखरच जहाजं पाठवत होता. वास्को द गामा 1497 मध्ये लिस्बनहून निघाला तो पहिल्या मानुएल राजाचा सेवक म्हणून. मोहीम फत्ते होताच मानुएलने इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान इथल्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी असा किताब स्वतःला लावून घेतला. हिंदुस्थानात तेव्हा त्याची वीतभर जमीन नव्हती! मिरी हा राजाचा मक्ता. माल जायचा लिस्बनच्या 'काझा दा इंडिया' या सरकारी कचेरीत, आणि राजवाडा बांधला तोही तिला लागून, टॅगस नदीच्या काठी. फ्रान्सचा राजा मानुएलला किराणा दुकानदार म्हणून हिणवायचा, असं सांगतात. 1505 मध्ये पहिला व्हाइसरॉय आला, 1510 मध्ये गोवा घेतलं. अरबी समुद्रात गलबत हाकायचं तर पोर्तुगीजांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना जवळ हवा. व्यापार, आरमार, जकात, सगळं राजाच्याच नावावर. अर्थात हेही सरसकट नाही: 1469 मध्ये याच राजसत्तेने आफ्रिकेतल्या गिनी किनाऱ्याचा व्यापार फर्नांव गोमिश या लिस्बनच्या व्यापाऱ्याला ठेक्याने दिला होता, दरवर्षी शंभर लीग (लीग हे अंतराचं जुनं माप) नवा किनारा शोधण्याच्या अटीवर.

इंग्लंडच्या राजांचा हात आखडता. सातव्या हेन्रीने 1496 मध्ये जॉन कॅबट या दर्यावर्दीला सनद दिली ती अशी, की खर्च तुमचा, नफ्याचा पाचवा हिस्सा माझा. पुढल्या वर्षी कॅबट अटलांटिकपलीकडची भूमी पाहून आला, तेव्हा हातावर ठेवले 10 पौंड. एलिझाबेथनेही 31 डिसेंबर 1600 रोजी ईस्ट इंडिया कंपनीला दिली ती सनदच: केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडच्या व्यापाराचा 15 वर्षांचा मक्ता. भांडवल लंडनच्या व्यापाऱ्यांचं, बुडालं तर त्यांचंच.

हा फरक मुंबईत सर्वांत स्पष्ट दिसतो. पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरवणाऱ्या 1661 च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला मिळाली, तेव्हा गोव्याचा व्हाइसरॉय ताबा द्यायला राजी नव्हता. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान हातचा गेला, असं त्याने आपल्या राजाला कळवलं होतं. चार्ल्सला मात्र तिथली शिबंदी पोसणं जड झालं, आणि 1668 मध्ये त्याने मुंबई वर्षाला 10 पौंडांवर कंपनीच्या पदरात टाकली. म्हणूनच 1674 मध्ये हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकासाठी रायगडावर आला, तो इंग्लंडच्या राजाचा नव्हे, कंपनीचा वकील होता.