डेटा हलवू नका, चित्र मागवा

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने प्रवाहातल्या खळबळीच्या (टर्ब्युलन्सच्या) संगणकीय गणितांचा मोठा साठा सर्वांसाठी खुला ठेवला आहे. त्यातल्या एका प्रसिद्ध संचात घनाच्या प्रत्येक बाजूला १०२४ बिंदू आहेत, म्हणजे एकूण १०७ कोटींहून जास्त. बिंदूमागे ४ बाइट धरले, तर एकट्या दाबालाच सुमारे ४ गीगाबाइट लागतात आणि वेगाच्या तीन घटकांना आणखी १२. हे झालं फक्त एका क्षणाचं!

१०० मेगाबिटच्या जोडणीवरून दाबाचा तेवढा डेटा उतरवून घ्यायला जवळपास सहा मिनिटं जातात. पण फुल एचडी पडद्यावर मावतात जेमतेम २०.७ लाख बिंदू, आणि ते चित्र कॉम्प्रेस न करताही ६ मेगाबाइटच्या आसपास भरतं. म्हणून डेटा जागेवरच राहू द्यायचा, चित्र तिथेच काढायचं आणि तेवढंच मागवायचं. पॅराव्ह्यू हे डेटाची चित्रं काढणारं मोफत सॉफ्टवेअर असं चालवता येतं: सर्व्हर महासंगणकाच्या नोड्सवर (त्यातल्या सुट्या संगणकांवर), खिडकी आपल्या लॅपटॉपवर. दोन्हीकडे आवृत्ती एकच हवी, नाहीतर जोडणीच नाकारली जाते. माउसने फिरवताना चित्र ओबडधोबड दिसतं आणि बटण सोडलं की स्वच्छ होतं. हा बिघाड नव्हे, हात अडखळू नये म्हणून मुद्दाम केलेली तडजोड आहे.

घोडं अडतं ते मेमरीवर. स्लाइस, म्हणजे घनाचा एक सपाट छेद, घेतला तर १०७ कोटींतून साडेदहा लाख बिंदू उरतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. थ्रेशोल्ड (ठरावीक मूल्यांचाच भाग ठेवणं) किंवा क्लिप (एक भाग कापून टाकणं) मात्र बिंदूंची नियमित जाळी मोडून अनियमित करतात. नियमित जाळीत बिंदूची जागा हिशेबाने कळते. अनियमित जाळीत ती लिहून ठेवावी लागते, शिवाय प्रत्येक घनपेशीच्या आठ कोपऱ्यांचे क्रमांकही. क्रमांक ८ बाइटचे असले, तर ४ बाइटच्या आकड्यामागे ६४ बाइट नुसते क्रमांकांचेच! सर्व्हर कोसळल्यावर दोष यंत्राला दिला जातो, पण बहुतेकदा कारण हेच असतं.

दुसरी अडचण फाइलची. अनियमित जाळी जुन्या, एकसंध व्हीटीके फाइलीत (पॅराव्ह्यू वाचतं त्या एका फाइल-प्रकारात) असेल, तर सर्व्हरसाठी ६४ प्रोसेस (एकाच वेळी चालणाऱ्या प्रती) मागूनही सगळा भार पहिलीवरच पडतो. फाइल आधीच तुकड्यांत लिहिलेली बरी. नंतर वाटणी करायची तरी एकदा ती एका नोडच्या मेमरीत मावावीच लागते.

रंगांचंही तसंच. मूल्यांना रंग देणाऱ्या इंद्रधनुषी पट्टीतला पिवळा उगाच उठून दिसतो आणि डेटात नसलेल्या कडा डोळ्यांना दिसू लागतात. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये आपली मूळ पट्टी बदलून व्हिरिडिस ही नवी रंगपट्टी आणली ती याचसाठी. ॲनिमेशन करताना पट्टीची किमान-कमाल मूल्यं सर्व क्षणांसाठी एकच ठेवा. दर फ्रेमला ती आपोआप बदलू दिली, तर विरत चाललेला भोवराही शेवटपर्यंत तितकाच लालभडक दिसत राहतो.