९५६ की ९६२? इंजिन राहू द्या, पुढचं चाक बघा

रोथमन्स सिगारेटच्या निळ्या-पांढऱ्या रंगातली, ऐंशीच्या दशकातली बसकी शर्यतीची पोर्शे दिसली की फोटोखाली ठरलेला मथळा: ९५६. तोच फोटो दुसरीकडे फिरतो तेव्हा खाली ९६२ असतं. तिसरा शहाणा मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही आकडे लिहून टाकतो, म्हणजे वादच नको. फरक काय म्हणून कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असतं: "९६२ म्हणजे अमेरिकेसाठी केलेली ९५६. इंजिन वेगळं असतं." या उत्तरातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. घोळ घालतं ते दुसरं.

९५६ तुम्हाला माहीत आहे असं धरून भराभर पुढे जातो. १९८२ ला लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी ग्रुप सी हा वर्ग सुरू झाला. या नियमावलीत ताकदीला बंधन नव्हतं, इंधनाला होतं: १०० लिटरची टाकी आणि १००० किलोमीटरच्या शर्यतीला ६०० लिटर. पोर्शेचा अभियंता नॉर्बर्ट सिंगरच्या हाताखाली ९५६ तयार झाली आणि पोर्शेने पहिल्यांदाच ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा मोनोकॉक, म्हणजे माणूस बसतो तो गाडीचा एकसंध सांगाडा, केला. इंजिन पोर्शेच्याच हान्स मेत्सगरने रचलेल्या घराण्यातलं, अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शर्यतीसाठी बनवलेलं आणि तिथे कधीच न धावलेलं: २.६५ लिटर, आडवे सहा सिलिंडर, दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे), सिलिंडर हवेने थंड होणारे आणि हेड पाण्याने. गाडीच्या पोटाखालच्या हवेच्या बोगद्यांना जागा मिळावी म्हणून ते मागे किंचित वर उचलून बसवलेलं. पदार्पणात सिल्व्हरस्टोनला दुसरा नंबर आला, कारण पुढे गेलेली लान्चिया जुन्या ग्रुप ६ मधली होती आणि तिला इंधनाची मर्यादा लागू नव्हती. महिन्याभरात फ्रान्समधल्या २४ तासांच्या ल मां शर्यतीत पहिल्या तीन जागा, तेसुद्धा १, २, ३ या गाडी-क्रमांकांनी त्याच क्रमाने. पुढच्या वर्षी पहिल्या दहात नऊ ९५६. इथवर कुणाचंच भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते पायांपासून.

९५६ च्या पुढच्या भागाचं फायबर काढलेला एखादा फोटो नीट बघा. डाव्या चाकाच्या मध्यातून उजव्या चाकाच्या मध्यापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढा. पेडल त्या रेघेच्या पुढे आहेत. म्हणजे गाडी चालवणाऱ्याची पावलं पुढच्या ॲक्सलच्याही पुढे, आणि त्या पावलांपुढे उरतं ते जवळजवळ नुसतं नाक. हा काही पोर्शेचा एकटीचा अविचार नव्हता. त्या काळात फॉर्म्युला वनमध्येही असंच चालायचं, तिथे पाय मागे घ्यायचा नियम १९८८ ला आला. मधोमध इंजिन, त्याच्या पुढे १०० लिटरची टाकी, टाकीला पाठ लावून माणूस. एवढं बसवल्यावर पाय पुढे सरकणारच. पण समोरून धडक बसली की सगळ्यात आधी चुरगळतो तो नेमका हाच भाग.

अमेरिकेत शर्यती भरवणाऱ्या इम्सा संघटनेच्या जॉन बिशप यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या जीटीपी वर्गात पावलं पुढच्या ॲक्सलच्या मागेच हवीत, असा नियम होता. तेव्हा ९५६ तिथे पळवायचीच म्हटलं तर काहीतरी हलवणं भाग होतं. माणसाला मागे सरकवता येईना, कारण मागे टाकी आणि टाकीमागे इंजिन. म्हणून सिंगरने पुढचा ॲक्सलच पुढे नेला. दोन ॲक्सलमधलं अंतर ९५६ मध्ये २६५० मिलिमीटर होतं, ते ९६२ मध्ये २७७० झालं. गाडीची एकूण लांबी मात्र जवळपास तेवढीच राहिली, म्हणजे चाकाच्या पुढे आलेलं नाक तेवढं आखूड झालं. ९५६ ची ९६२ झाली ती या १२ सेंटिमीटरने. जोडीला पोलादी रोल केजही आली, म्हणजे गाडी उलटली तरी माणसाला वाचवणारा पिंजरा. महत्त्वाची गोष्ट, पण फोटोत दिसत नाही, तेव्हा ओळखायला तिचा उपयोग शून्य.

मग इंजिनाचं खूळ आलं कुठून? तेही इम्साच्याच नियमांतून. सुरुवातीच्या वर्षांत तिथे पोर्शेला एकच टर्बो लावता येत होता आणि इंजिन रस्त्यावरच्या गाडीच्या वंशातलं लागत होतं. त्यामुळे ९६२ मध्ये गेलं ते पूर्ण हवेने थंड होणारं, एका सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह असलेलं, एका भल्यामोठ्या टर्बोचं २.८ लिटरचं इंजिन. १९८४ च्या डेटोना २४ तासांच्या शर्यतीत मारिओ आणि मायकेल आंद्रेत्ती या बापलेकांनी हीच गाडी पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत सगळ्यात पुढे, उभी केली, शर्यत मात्र पूर्ण झाली नाही. लोकांनी पहिली ९६२ पाहिली ती अशी, दोन्ही बदल एकदमच घेऊन आलेली. चाकांचं अंतर वाढलंय हे लांबून दिसत नाही. इंजिन वेगळं आहे हे प्रत्येक बातमीत छापून येतं. त्यामुळे लक्षात राहिलं ते इंजिन.

खरं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळेच विचारायला हवेत. पाय कुठे आहेत, यावरून ९५६ की ९६२ ते ठरतं. इंजिन कुठलं आहे, यावरून ९६२ की ९६२ सी. यातला सी ग्रुप सी चा. तो खाऊन टाकणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे, कारण त्या एका अक्षरात अख्खं इंजिन आहे. पाय मागे घ्यायचा नियम युरोपातल्या ग्रुप सी मध्येही येणार हे ठरल्यावर १९८५ ला पोर्शेने ९६२ चा टब, म्हणजे तो मोनोकॉक, घेतला आणि त्यात ९५६ चं दोन टर्बोवालं इंजिन बसवलं. झाली ९६२ सी. म्हणजे नवी म्हणून मिरवणाऱ्या गाडीत इंजिन जुन्या गाडीचंच होतं! "इंजिन वेगळं" म्हणणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. पुढे तीन लिटरचं, पूर्ण पाण्याने थंड होणारं इंजिन आलं, पण ते पुढे.

दोन्ही ९६२ मधला फरक बघायचा असेल तर १९८६ हे वर्ष घ्या. डेरेक बेल आणि अल होल्बर्ट यांनी त्या वर्षी डेटोनाही जिंकली आणि ल मांही. डेटोनाला लोवेनब्राऊ बिअरच्या रंगातली, एका टर्बोची ९६२. ल मांला रोथमन्सच्या रंगातली, दोन टर्बोची ९६२ सी. माणसं तीच, टबही त्याच जातीचा, पण इंजिनाचा स्वभाव निराळा. ग्रुप सी मध्ये प्रत्येक लिटरचा हिशेब ठेवत चालवायचं, इम्सात तसला कोटा नव्हता. १९८७ ला दोघांनी पुन्हा हाच दुहेरी पराक्रम केला. मला विचाराल तर या भावंडांत माझी आवडती अमेरिकेतलीच: तंत्राने मागासलेली, एकाच टर्बोवर आडदांडपणे ओढणारी. ल मांच्या दिमाखापुढे तिला कुणी विचारत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

९६२ सी आली आणि ९५६ निकालात निघाली, ही आणखी एक लाडकी समजूत. १९८५ चं ल मां बघा. कारखान्याच्या नव्याकोऱ्या ९६२ सी तिथे हजर होत्या, हान्स-योआखिम श्टुकने सरावात ताशी २५० किलोमीटरच्या वर सरासरी काढून पोलही घेतली. जिंकली कोण? राइनहोल्ड योस्टच्या खासगी संघाची पिवळी-काळी ९५६. दुसरी आली ती रिचर्ड लॉइडच्या संघाची, तीही ९५६. कारखान्याची पहिली ९६२ सी तिसरी. त्यातही योस्टची गाडी म्हणजे ११७ नंबरच्या चॅसीची तीच, जिने १९८४ लाही ल मां जिंकलं होतं, गाडी-क्रमांकही तोच ७. इंधनाचा कोटा त्या वर्षी आणखी कमी केलेला होता. योस्ट आणि लॉइड यांच्या गाड्या बराच वेळ एकमेकींच्या आडोशाने धावत इंधन वाचवत राहिल्या. १२ सेंटिमीटर वाढले ते पायांसाठी, वेगासाठी नव्हेत, हे यावरून तरी कळावं.

जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकची गोष्ट तर दर महिन्याला कुणीतरी चुकीची सांगतं. तिथल्या जुन्या नॉर्डश्लाइफ मार्गावर श्टेफान बेलोफने ९५६ मधून ६ मिनिटं ११.१३ सेकंदांची फेरी मारली, ती मे १९८३ मध्ये. तिला २०१८ पर्यंत कुणी हात लावू शकलं नाही. ९६२ तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तरी मथळ्यात ९६२ लिहितात, आणि तारीख दाखवली तर म्हणतात, "एकच हो ते!"

बेलोफचा विषय निघालाच आहे, तर पायांच्या नियमाबद्दलचा एक भाबडेपणाही बाजूला करू. १ सप्टेंबर १९८५ ला बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकच्या ओ रूज वळणावर तो ९५६ मध्ये होता आणि जॅकी इक्सच्या ९६२ सी च्या बाजूने घुसायला गेला. दोन्ही गाड्या आदळल्या. बेलोफ गेला, इक्स वाचला. यावरून "बघा, ९६२ सुरक्षित" असं लिहिणारे भेटतात. पण बेलोफची गाडी समोरून आदळली आणि इक्सची मागून, तेव्हा या तुलनेला अर्थ नाही. शिवाय तीनच आठवडे आधी कॅनडातल्या मोस्पोर्टला मानफ्रेड विंकेलहॉक गेला तो ९६२ सी मध्येच, आणि पुढच्या वर्षी ल मांला यो गार्टनरही. पाय मागे आले, पण टब तोच पत्र्याचा राहिला होता. खासगी संघांनी हे ओळखून स्वतःचे जास्त मजबूत टब करून घेतले. लॉइडच्या संघाने तर ९५६ च्या काळातच मधमाशीच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे असलेल्या ॲल्युमिनियमचा टब बनवला होता.

आता फोटो ओळखायचा कसा, तेवढं सांगतो. रंग बघू नका, रोथमन्स दोघींवर होतं. शेपूट बघू नका. ल मांला लांब आणि इतरत्र आखूड, हे दोघींच्याही बाबतीत खरं. मागचे पंख तर बघूच नका, संघागणिक बदलायचे. गाडी बाजूने दिसत असेल तर दारामागचा सगळा भाग हाताने झाका, तिथे तुम्हाला काही मिळणार नाही. आता पुढचं चाक आणि दाराची पुढची कड यांच्यातली जागा बघा. चाक दाराला खेटून आहे आणि पुढे लांब नाक आलंय, तर ९५६. मध्ये ऐसपैस जागा आहे आणि नाक चाकापुढेच तोडल्यासारखं आखूड आहे, तर ९६२. एकदा नजर बसली की दहा हात लांबून कळतं. तिरप्या फोटोत मात्र फसायला होतं, तिथे शर्यतीचं वर्ष आणि गाडी-क्रमांक बघून ठरवलेलं बरं.

राहिली १९९४ ला ल मां जिंकलेली डाउअर ९६२, म्हणजे योखेन डाउअरने ९६२ वरून केलेली गाडी. चाकाच्या जागेवरून ती ९६२ च आहे, इंजिन दोन टर्बोचं, पूर्ण पाण्याने थंड होणारं तीन लिटरचं. पण तिला ९६२ सी म्हणू नका. ती रस्त्यावरची गाडी म्हणून नोंदवून जीटी वर्गात उतरवली होती, ग्रुप सी मध्ये नाही.