ब्रेक दाबला गेलाय की तार तुटलीय?

म्हातारा कुत्रा जिना चढताना मधेच थांबतो, पाय गळून खाली बसतो आणि अर्ध्या मिनिटात उठून शेपटी हलवू लागतो. घरचे म्हणतात, फिट आली. पण फिटनंतर कुत्रा बहुधा बराच वेळ भांबावलेला असतो. हा तर लगेच पाणी प्यायला जातो. अशा वेळी मागच्या मांडीच्या आत बोटं टेकवून नाडी मोजावी. जाग्या, शांत कुत्र्याचे ठोके साधारण मिनिटाला 60 ते 140 असतात. ते 30-40 पर्यंत उतरले असतील तर मेंदूला पुरेसं रक्त पोचत नाही आणि तो कोसळतो. (श्वासाबरोबर नाडी मागेपुढे होणं किंवा गाढ झोपेत ती खूप मंदावणं हे मात्र कुत्र्यात नैसर्गिक आहे.)

ठोका वाढवणाऱ्या गोळ्या मिळतात. पण ठोका का मंदावला हे कळण्याआधी त्या देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

हृदयाला ठोक्याचा इशारा देणारी गाठ, म्हणजे सायनस नोड, वरच्या उजव्या कप्प्यात असते. इशारा तिथून एव्ही नोडमार्गे, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दुसऱ्या गाठीतून, खालच्या कप्प्यांत उतरतो. मेंदूकडून येणारी व्हेगस नस या दोन्ही ठिकाणी ब्रेकसारखं काम करते. मग प्रश्न असा, की ब्रेक जास्त दाबला गेलाय की आतली तारच तुटलीय?

याचं उत्तर अ‍ॅट्रोपिनच्या इंजेक्शनने मिळतं. हे व्हेगसचा परिणाम रोखणारं औषध, आपल्याकडे उकिरड्यावर उगवणाऱ्या धोतऱ्यातही सापडणारं (म्हणूनच तो विषारी आहे, घरगुती प्रयोग नकोत). डॉक्टर किलोमागे 0.04 मिलिग्रॅम देतात आणि काही वेळाने ईसीजी पुन्हा काढतात. ठोके भराभर वाढले तर दोष ब्रेकचा. मग प्रोपँथेलिनसारखं तोंडाने द्यायचं औषध, किंवा माणसांच्या दम्यातली थिओफायलिन आणि टर्ब्युटालिन उपयोगी पडतात. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, रात्रभर येरझाऱ्या हे त्यांचे त्रास. शिवाय काही महिन्यांनी गुण ओसरू शकतो.

सायनस नोडच आजारी असेल, जसं मिनिएचर श्नाउझर आणि वेस्टी (वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर) जातींत वरचेवर दिसतं, तर पेच वाढतो. तिथे हृदय कधी थांबतं, कधी धावतं. धाव आवरायला दिलेलं औषध थांबे लांबवतं, थांब्यांवरचं औषध धाव वाढवतं.

कधी मूळ कारण हृदयाबाहेर असतं. अ‍ॅडिसनच्या आजारात (मूत्रपिंडाजवळच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे हार्मोन कमी पडतात तो) रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि वरचे कप्पे गप्प होतात. तिथे सलाइन, इन्सुलिन आणि ग्लुकोज पोटॅशियम उतरवतात. कॅल्शियम ग्लुकोनेट ते उतरवत नाही, पण तेवढ्या वेळात हृदयाला सांभाळून धरतं. महामार्गाच्या दुभाजकावरची कण्हेर चघळली तरी ठोके मंदावतात. डिगॉक्सिन, अ‍ॅटेनोलॉल, डिल्टियाझेम ही ठोके मंदावणारी औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगावं.

पण वरचा इशारा खाली अजिबात पोचत नसेल, म्हणजे पूर्ण हार्ट ब्लॉक असेल, तर गोळ्यांकडून फार आशा ठेवू नये. खालचे कप्पे स्वतःच्या बळावर मिनिटाला 20 ते 60 ठोके देत राहतात. निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत अचानक मृत्यूचा धोका सर्वांत मोठा, म्हणून गोळ्यांवर महिने घालवणं मला धोक्याचं वाटतं. इथे उपाय पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोक्याचा इशारा देणारं छोटं यंत्र. कुत्र्याला पेसमेकर बसवल्याचा अहवाल अमेरिकेत 1968 मध्येच प्रसिद्ध झाला. त्याची तार मानेतल्या शिरेतून हृदयात सोडतात आणि यंत्र मानेच्या कातडीखाली ठेवतात. त्यानंतर गळ्यातला पट्टा कायमचा काढायचा, छातीवरचा हार्नेस घालायचा. रक्त तपासायचं झालं तर तेही मानेच्या शिरेतून नाही, पायातून घ्यायला सांगायचं.