शंभर डॉलरमधले दातांवर किती?

८ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी चक्क एका अपूर्णांकावर मत दिलं. दातांच्या विम्यापोटी गोळा केलेल्या प्रीमियमपैकी किमान ८३ टक्के रक्कम कंपनीने उपचारांवर खर्चली पाहिजे, नाहीतर कमी पडलेली रक्कम विमेदारांना परत करावी, हा तो प्रस्ताव. सुमारे ७१ टक्के मतं बाजूने पडली आणि १ जानेवारी २०२४ पासून नियम लागू झाला.

हे आधीच ठरलेलं नव्हतं का? वैद्यकीय विम्यासाठी होतं. २०१० च्या आरोग्य कायद्याने वैयक्तिक आणि लहान गटांच्या पॉलिसींना ८० टक्के, मोठ्या गटांना ८५ टक्के अशी किमान मर्यादा घातली. स्वतंत्र विकला जाणारा दंतविमा मात्र तिच्याबाहेर राहिला. १९४५ च्या मॅक्कॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून तिथे विम्याचं नियमन मुख्यतः राज्यांकडे आहे. त्यामुळे ही पोकळी भरायची तर राज्यांनीच भरायची. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये हे आकडे दरवर्षी सादर करणं कंपन्यांना बंधनकारक केलं, पण किमान टक्केवारी घातली नाही.

आता तो अपूर्णांक नीट पाहू, कारण सगळी मेख त्यात आहे. छेदात प्रीमियम, त्यातून कर आणि सरकारी शुल्क वजा. अंशात दिलेले क्लेम. शिवाय वर्षअखेरीस उपचार झाले पण बिल अजून आलेलं नाही, अशांसाठी राखून ठेवलेली अंदाजी रक्कम. समजा प्रीमियम १०० डॉलर आणि कर ४, म्हणजे छेद ९६. क्लेम ७४, राखीव ३, म्हणजे अंश ७७. ७७ भागिले ९६ म्हणजे ८०.२ टक्के. मर्यादा ८३ असेल तर अंश ७९.६८ हवा होता, म्हणून दर शंभर डॉलरमागे २.६८ डॉलर परत.

याच कंपनीने ३ डॉलरच्या कार्यालयीन खर्चाला ‘दर्जा सुधारणा’ असं नाव दिलं आणि नियमाने तो अंशात धरू दिला, तर? ८० भागिले ९६, म्हणजे ८३.३ टक्के. परतावा शून्य. रुग्णाच्या तोंडात एकही जादा फिलिंग बसलेलं नाही! राखीव रक्कम फुगवूनही हेच साधता येतं, म्हणून ती पुढच्या वर्षी प्रत्यक्ष बिलांशी ताडून पाहावी लागते. टक्केवारी किती, यापेक्षा अंशात काय बसतं याची व्याख्या जास्त महत्त्वाची आहे. आणखी एक पळवाट सरासरीची. वैयक्तिक पॉलिसीत एजंटचं कमिशन आणि विक्रीचा खर्च जास्त असतो, त्यामुळे तिचं गुणोत्तर सहसा खाली राहतं. मोठ्या गटांबरोबर ती मिसळून एकच आकडा दिला की ते झाकलं जातं. गटवार आकडे मागायलाच हवेत.

कंपन्यांच्या एका आक्षेपात मात्र तथ्य आहे: दंतविम्याचा प्रीमियम लहान, त्यामुळे कारभारासाठी उरणारे पैसेही थोडे. महिना ६०० डॉलरच्या वैद्यकीय प्रीमियमचे १५ टक्के म्हणजे ९० डॉलर. ४० डॉलरच्या दंतविम्याचे १७ टक्के म्हणजे ६ डॉलर ८० सेंट. एक्स-रे तपासणं, कोड जुळवणं, फोन घेणं, हे काम दोन्हीकडे जवळपास तेवढंच. त्यामुळे मर्यादा कुठे असावी यावर वाद होऊ शकतो. आकडे दडवण्याला मात्र हा आक्षेप पुरत नाही.

गुणोत्तर कंपनीचं कळतं, तुमच्या बिलाचं नाही. बिलासाठी कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये ठरावीक नमुन्याचा तक्ता सक्तीचा केला: डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम), वार्षिक कमाल रक्कम, प्रतीक्षाकाळ, प्रत्येक प्रकारच्या उपचारात रुग्णाचा वाटा. नेहमीची रचना १००-८०-५० असते. तपासणी आणि क्लिनिंग पूर्ण, फिलिंग ८० टक्के, क्राऊन ५० टक्के. प्लॅन वर्षाला देतो कमाल हजार ते दोन हजार डॉलर. फसगत होते ती ‘डाऊनग्रेड’मध्ये, म्हणजे महागड्या उपचारालाही स्वस्त उपचाराचा दर धरण्यात. दाढेत दातांच्या रंगाचं कंपोझिट फिलिंग केलं (बिलावरचा उपचाराचा कोड डी २३९१), पण प्लॅन चांदीच्या फिलिंगचाच (डी २१४०) दर धरतो. समजा करारातले दर १८० आणि १३० डॉलर, आणि डिडक्टिबल आधीच भरलेलं आहे. तुमच्या हिशेबात खिशातून ३६ जायचे. प्लॅन १३० चे ८० टक्के, म्हणजे १०४ देतो, आणि तुम्ही ७६ भरता. म्हणून मोठ्या कामाआधी दवाखान्याकडून कोडसह पूर्व-अंदाज मागवावा, आणि त्यात डाऊनग्रेड व उरलेली वार्षिक रक्कम लेखी घ्यावी.

पूर्ण पैसे मिळणारं क्लिनिंगही आपल्यातले कित्येक जण टाळतात, कारण ‘त्याने दात हलतात’ ही समजूत. खरं तर हिरड्यांच्या आजाराने हाड आधीच झिजलेलं असतं. कडक कीटणाने जखडून ठेवलेला दात ते निघाल्यावर हलताना जाणवतो, एवढंच. कीटण तसंच ठेवलं तर हाड आणखी झिजतं.

हे सगळे नियम कुणाला लागू? अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांनी इथे थांबून पाहावं. मोठ्या कंपन्यांत बऱ्याचदा क्लेमचे पैसे मालक स्वतःच भरतो आणि कार्डावर नाव असलेली विमा कंपनी फक्त कागदपत्रं हाताळते. अशा ‘सेल्फ-फंडेड’ प्लॅनला १९७४ च्या ‘एरिसा’ या केंद्रीय कायद्यामुळे राज्याचे विमा नियम लागू होत नाहीत. ८३ टक्केही नाही, परतावाही नाही. कार्डावरून हे नेहमी कळतंच असं नाही. एचआरला सरळ विचारा: आमचा डेंटल प्लॅन ‘फुली इन्शुअर्ड’ (क्लेमचे पैसे विमा कंपनी भरते) आहे की ‘सेल्फ-फंडेड’? पहिलं उत्तर आलं तर तक्रार राज्याच्या विमा नियामकाकडे, दुसरं आलं तर आधी प्लॅनकडेच लेखी अपील, आणि मदतीसाठी केंद्राचं श्रम खातं.