नदीपर्यटन नौका व बार्जवस्ती, यूरोपातील

यूरोपच्या नद्या व कालवे यांवरून प्रवाशांना मुक्कामासह फिरवणाऱ्या मोठ्या पर्यटन नौका, आणि मालवाहू बार्जवर (सपाट तळाच्या लांबट नौकेवर) किंवा तिच्या जुन्या सांगाड्यात थाटलेली बिऱ्हाडे, या दोहोंचा विचार येथे एकत्र केला आहे. एकीकडे आठवड्याची सहल आहे, दुसरीकडे आयुष्यभराचा संसार. तरीही दोन्ही नौकांची लांबी-रुंदी, आतली मांडणी आणि त्यांना कोठवर जाता येईल हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते : वाटेतल्या सर्वांत अरुंद जलपाशावर, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील ‘लॉक’वर. नेदर्लंड्‌स, बेल्जियम, फ्रान्स व जर्मनी येथे हे जलमार्ग सर्वांत दाट आहेत. ऱ्हाईन, माइन व डॅन्यूब जोडल्या गेल्यामुळे उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सु. ३,५०० किमी. लांबीचा सलग मार्ग उपलब्ध झाला आहे.

जलपाशाचा उगम : दोन दरवाजांच्या मध्ये नौका घेऊन तेथील पाण्याची पातळी चढवायची किंवा उतरवायची, ही रचना यूरोपात प्रथम कोठे झाली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्याआधी नदीच्या बांधात एकच दरवाजा असे. तो उघडला की सुटणाऱ्या लोंढ्याबरोबर नौका खाली जाई, आणि वर येणारीला दोर लावून ओढावे लागे. चीनमध्ये छिआव वेय्‌युए या अधिकाऱ्याने इ. स. ९८४ मध्ये महाकालव्याच्या मार्गावर दोन दरवाजांचा जलपाश बांधल्याची नोंद आहे. उतरंडीवरून ओढताना नौका फुटत व सरकारी धान्याची चोरी होई, त्यावर हा उपाय होता. ही कल्पना व्यापारी मार्गांनी पश्चिमेकडे गेली असे काहींनी सुचवले आहे; मात्र दोन्हींना जोडणारा मधला दुवा सापडलेला नाही. नेदर्लंड्‌समधील व्ह्रीस्वाइक येथील जलपाश १३७३ चा मानतात, तर फ्लँडर्समधील दामे येथील चौदाव्या शतकाच्या अखेरचा. दोन्ही ठिकाणी भरती-ओहोटीचे पाणी अडवणारे दरवाजे आधीपासून होतेच. अशा दोन दरवाजांमध्ये नौका थांबवून ठेवण्याच्या सवयीतूनच जलपाश घडत गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

इटलीत मिलानच्या परिसरात या रचनेचा विकास वेगळ्या गरजेतून झाला. तेथील कॅथीड्रलसाठी संगमरवर जलमार्गाने शहरात आणला जाई आणि त्यासाठी कालव्यांच्या वेगवेगळ्या पातळ्या जोडणे भाग होते. बेर्तोला दा नोव्हाते या स्थापत्य अभियंत्याने पंधराव्या शतकाच्या मध्यास बेरेग्वार्दो कालव्यावर जलपाशांची मालिका उभारली. आल्बेर्तीच्या वास्तुशास्त्रीय लेखनातही त्याच सुमारास या रचनेचे वर्णन येते. पाण्याच्या दाबानेच घट्ट मिटणाऱ्या, कोन करून भेटणाऱ्या दोन पाखांच्या दरवाजाचे श्रेय सामान्यतः लिओनार्दो दा व्हिंचीला दिले जाते. मिलानच्या सान मार्को जलपाशाच्या अशा दरवाजांची त्याची रेखाटने सुप्रसिद्ध आहेत. पण रेखाटन त्याचे म्हणून शोधही त्याचाच, असे म्हणण्यास तेवढा आधार पुरत नाही. आजही फ्रान्सच्या लहान कालव्यांवर याच घडणीचे दरवाजे आहेत.

ऱ्हाईन–माइन–डॅन्यूब जोडणी : ऱ्हाईन व डॅन्यूब यांची खोरी जोडण्याचा पहिला प्रयत्न फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या काळातला. बव्हेरियातील ट्रॉइख्टलिंगेनजवळ ग्राबेन या गावी त्या खोदकामाचा चर व मातीचे उंचवटे आजही दिसतात. राजदरबारच्या इतिवृत्तांत त्याचा उल्लेख ७९२-७९३ च्या सुमारास येतो. उत्खननात मिळालेल्या ओकच्या खुंटांच्या वर्तुळांवरून लाकूड ७९३ मध्ये तोडल्याचे दिसते, त्यामुळे काळाचा वाद बराचसा मिटला आहे. काम पुरे झाले की नाही, हा वाद मात्र शिल्लक आहे. एका इतिवृत्तानुसार सततचा पाऊस व दलदल यांमुळे दिवसा खणलेली माती रात्री पुन्हा घसरे आणि अखेर काम सोडून द्यावे लागले. दुसऱ्या बाजूने, उत्तरेकडच्या भागात लाकडी काठ असलेला सु. ५ मी. रुंदीचा नीट बांधलेला पाट सापडला आहे. काही टप्पे तयार झाले, पण सलग वाहतूक सुरू झाली नसावी, असे मानणे सध्या सयुक्तिक ठरते.

बव्हेरियाचा राजा पहिला लूट्‌व्हिख याच्या कारकीर्दीत १८३६ ते १८४६ या काळात बांबेर्क ते केलहाइम असा १०० जलपाशांचा कालवा बांधला गेला. जलपाश लहान आणि रेल्वेची स्पर्धा मोठी, त्यामुळे तो फारसा चालला नाही व १९५० मध्ये बंद झाला. सध्याचा १७१ किमी.चा माइन–डॅन्यूब कालवा २५ सप्टेंबर १९९२ रोजी खुला झाला. त्यावर १६ जलपाश आहेत व माथ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४०६ मी. आहे. हिल्पोल्टश्टाइन येथील जलपाश नौकेला २४.६७ मी. उचलतो. प्रत्येक खेपेचे सगळे पाणी वाया जाऊ नये म्हणून बाजूला पायरीपायरीने साठवण-हौद बांधलेले आहेत, त्यांमुळे सु. ६०% पाणी पुन्हा वापरता येते.

फ्रेसिने प्रमाण व पेनिश : फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांच्या पुढाकाराने ५ ऑगस्ट १८७९ च्या कायद्याने मुख्य कालव्यांच्या जलपाशांची मापे एकसारखी करण्यात आली. दरवाजाची रुंदी ५.२० मी. ठरली. त्यात बसेल अशी नौका म्हणजे पेनिश : लांबी ३८.५० मी., रुंदी ५.०५ मी. आणि भारक्षमता मार्गाच्या खोलीनुसार २५० ते ३५० टन. आत शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम साडेसात सेंटिमीटर जागा उरते. सुकाणूवरचा माणूस यंत्र मंद करतो, नौकेचे बोथट नाक आधी एका भिंतीला हलकेच टेकवतो आणि मग तिला सरळ करून आत घेतो. तेवढ्यात घरातले दुसरे कोणीतरी दोराचा फास घेऊन काठावरच्या खुंटाशी पोहोचलेले असते. हे काम दिवसातून वीस-पंचवीस वेळा करावे लागे आणि ते नवरा-बायकोच्या जोडीनेच होई.

पेनिशचे मधले जवळजवळ सगळे अंग मालासाठी असे. कोळसा, वाळू, धान्य, बांधकामाचा दगड हा नेहमीचा माल. कुटुंबाची खोली मागच्या टोकाला, सुकाणूघरालगत. त्या इवल्या जागेत भिंतीतली कपाटे, पितळी कड्यांचा दिवा, लेसचे पडदे असा नेटका संसार असे. यंत्रे येण्यापूर्वी काठावरच्या वाटेवरून घोडे नौका ओढत. घोडा परवडत नसे तेथे माणसेच, बायका व मुलेसुद्धा, छातीवर पट्टा घेऊन ओढत. बेरी कालव्यावर जलपाश केवळ २.७० मी. रुंद होते. तेथल्या चिंचोळ्या नौकांवर ओढकामाची गाढवे वा खेचरेही राहत. त्यांचा तबेला नौकेच्या मधोमध असे आणि रात्री कुटुंब व जनावर एकाच छपराखाली झोपत. तो कालवा १९५५ मध्ये वाहतुकीस बंद झाला.

या समाजाला फ्रेंचमध्ये ‘बातेलिये’ म्हणतात. लग्ने बहुधा नौकावाल्यांतच होत आणि मुले शाळेसाठी वसतिगृहात राहत. सेन व वाझ यांच्या संगमालगतचे काँफ्लाँ-सेंत-ओनोरीन हे गाव त्यांची राजधानी मानले जाते. तेथे ‘झ सेर’ नावाच्या काँक्रीटच्या बार्जवर १९३० च्या दशकापासून त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. मालाची वाटणी पाळीने होई : जी नौका आधी रिकामी झाली तिला फलकावर जाहीर झालेल्या मालातून निवडीचा पहिला हक्क. या पद्धतीत लहान नौकावाल्याला किमान खात्री होती. यूरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशानुसार १ जानेवारी २००० पासून भाडे खुल्या सौद्याने ठरू लागले. रस्त्यावरच्या ट्रकांनी आधीच खिळखिळा केलेला हा व्यवसाय त्यानंतर अनेक कुटुंबांनी सोडला. पिढ्यान्‌पिढ्यांचे जलज्ञान त्यांच्याबरोबर गेले, आणि ही हानी वाहतुकीच्या आकडेवारीत कोठेही नोंदली जात नाही.

बार्जवरील घरे : दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई आणि निवृत्त झालेल्या नौकांची स्वस्ताई एकाच वेळी आल्याने मालवाहू सांगाड्यांची घरे होऊ लागली. पेनिशचा मालकप्पा बंदिस्त केला की १०० चौ. मी.हून अधिक जागा मिळते. डच टाल्क ही मूळची शिडाची नौका आणि १९२०-३० च्या दशकांतील लक्झमोटर ही यंत्रावर चालणारी मालनौका हे प्रकारही लोकप्रिय आहेत. घराचा मुख्य खर्च तळाचा. नौका ठराविक वर्षांनी सुक्या गोदीत घेऊन ध्वनिलहरींच्या यंत्राने पत्र्याची जाडी जागोजाग मोजतात. ती सु. ४ मिमी.च्या खाली गेली तर विमा कंपन्या बहुधा नवा पत्रा चढवण्यास सांगतात. नौकेपेक्षा ती काठाला बांधून ठेवण्याच्या जागेचा परवाना दुर्मीळ असतो, आणि मोठ्या शहरांत किंमत त्याचीच असते.

पॅरिसमध्ये सेनला पूर येतो तेव्हा धोका बुडण्याचा कमी, धक्क्यावर चढून बसण्याचा जास्त. जून २०१६ मध्ये पातळी ६.१० मी.पर्यंत गेली आणि खालचे धक्के पाण्याखाली गेले. अशा वेळी नौका धक्क्यावर सरकली आणि पाणी ओसरले, तर ती दगडी कडेवर कलंडून अडकते. म्हणून रहिवासी नौका व काठ यांच्यामध्ये लांब वासे लावतात आणि दोर दिवसरात्र सैल-घट्ट करत राहतात.

ॲम्स्टरडॅममध्ये सु. २,५०० तरती घरे आहेत. सगळीच जुनी जहाजे नाहीत. काँक्रीटच्या तरत्या पायावर उभारलेली पेटीसारखी घरेही पुष्कळ आहेत. प्रिन्सेनखराख्त कालव्यावर १९१४ ची ‘हेंड्रिका मारिया’ ही मालवाहू नौका संग्रहालय म्हणून जपली आहे. तरते घर हे जहाज की इमारत, हा प्रश्न तेथे बराच गाजला. २०१४ मध्ये नेदर्लंड्‌सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने एकाच जागी राहण्यासाठी बांधलेले तरते घर इमारतीच्या व्याख्येत बसते असा निर्णय दिला. त्यामुळे हजारो घरांवर बांधकाम नियमांचे सावट आले. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने आधीच्या घरांना संरक्षण दिले. पूर्वी सांडपाणी थेट कालव्यात जाई. आता घरे टप्प्याटप्प्याने मलनिःसारण वाहिन्यांना जोडली गेली आहेत.

मोठ्या पर्यटन नौका : ऱ्हाईनवर वाफेच्या प्रवासी नौका १८२० च्या दशकात नियमित झाल्या, डॅन्यूबवर १८३० च्या सुमारास. मुक्कामी सहलींचा आजचा व्याप मात्र १९९२ च्या कालव्यानंतरचा. १९९९ मध्ये सर्बियातील नॉव्ही साद येथील पूल बाँबफेकीत कोसळल्याने डॅन्यूबचा खालचा मार्ग काही वर्षे अडला होता. तो मोकळा झाल्यावर वाढीला वेग आला. २०१२ पासून व्हायकिंग कंपनीने आणलेल्या नौकांचे माप आता जवळजवळ ठरून गेले आहे : १३५ मी. लांबी, सु. ११.४ मी. रुंदी, ९५ खोल्या व १९० प्रवासी. माइन व माइन–डॅन्यूब कालव्यावरील जलपाश १२ मी. रुंद आहेत. म्हणजे पेनिशच्या मानाने कितीतरी अवजड नौकेला दोन्ही बाजूंना मिळते ती केवळ सु. ३० सेंमी. जागा. कप्तान अशा वेळी मधले सुकाणूघर सोडून नौकेच्या कडेवरच्या नियंत्रण-फलकाशी उभा राहतो, जेथून भिंत व नौकेची कड एका नजरेत दिसतात. खोलीतल्या प्रवाशाला खिडकीबाहेर हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ ओले काँक्रीट दिसते. ‘आमामाग्ना’ ही २०१९ ची नौका २२ मी. रुंद आहे, ती डॅन्यूब सोडून माइनकडे जाऊच शकत नाही.

रुंदीइतकीच उंचीचीही मर्यादा असते. पूल ठेंगणे असल्याने सुकाणूघर यांत्रिक पद्धतीने खाली जाते, गच्चीवरचे कठडे व छत्र्या मिटतात आणि प्रवाशांना गच्ची रिकामी करावी लागते. गरज पडल्यास टाक्यांत पाणी भरून नौका थोडी खाली बसवतात. नदीला पाणी जास्त झाले की पूल अडवतो, कमी झाले की तळ. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाईनवरील काउप येथील मोजपट्टी २५ सेंमी.पर्यंत उतरली होती. अशा वेळी कंपन्या प्रवाशांना बसने पुढे नेऊन अडथळ्याच्या पलीकडच्या दुसऱ्या नौकेत बसवतात. गावांच्या धक्क्यांवर दोन-तीन नौका एकमेकींना खेटून बांधल्या जातात; बाहेरच्या नौकेतले प्रवासी आतल्या नौकांमधून चालत काठावर येतात. २९ मे २०१९ रोजी बूडापेस्टच्या मार्गारेट पुलापाशी अशी मोठी नौका व लहान सहलनौका यांची टक्कर होऊन लहान नौका काही सेकंदांत बुडाली. तिच्यावरील ३५ जणांपैकी ७ वाचले. त्या घटनेनंतर शहरांतील गर्दीच्या पात्रात मोठ्या नौका किती सोडाव्यात, ही चर्चा तीव्र झाली, आणि ती रास्त होती.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या यूरोप सहलींत ज्याला ‘ऱ्हाईन क्रूझ’ म्हणतात तो बहुधा बोपार्ट ते झांक्ट गोआर असा तासा-दोन तासांचा फेरा असतो. ती दिवसा चालणारी प्रवासी नौका. वर वर्णिलेल्या मुक्कामी नौकांशी तिचा संबंध नाही. फ्रान्सच्या लहान कालव्यांवर जुन्या पेनिशची हॉटेले करून सु. वीस प्रवाशांना नेतात. त्या घोडदौड करीत नाहीत; दिवसभरात एखादा मोटारीने अर्ध्या तासात कापला जाईल एवढाच पल्ला गाठतात.

ब्रिटनमध्ये अनेक कालव्यांवरील जलपाश सु. २.१ मी. रुंदीचे असल्याने ‘नॅरोबोट’ हा स्वतंत्र प्रकार विकसित झाला. तेथे कायम जागा नसलेल्या रहिवाशाला १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सामान्यतः सलग १४ दिवसांपेक्षा अधिक थांबता येत नाही.

फ्रान्समध्ये काँप्येञ ते ओबाँशोल-ओ-बाक असा १०७ किमी.चा सेन–नोर यूरोप कालवा बांधला जात आहे. त्यावरून सु. ४,४०० टनांपर्यंतचे बार्जचे तांडे जाऊ शकतील. फ्रेसिने मापाच्या कालव्यांतील मालवाहतूक त्याने आणखी आटेल, की मोठ्या मार्गावरून लहान मार्गांकडे माल वळवून पेनिशला पुन्हा काम मिळेल, यावर नौकावाल्यांच्या संघटनांत मतभेद आहेत.